हळद, कुंकू आणि काव: मुलखाचा झेंडा वाचायचा कसा

फेब्रुवारीत हळदीचा हंगाम लागला की सांगलीच्या मार्केट यार्डात हमालांचे पाय, पोत्यांच्या शिवणी, दुकानांच्या पायऱ्या, सगळं पिवळं होतं. मागच्या हंगामात एका अडत दुकानासमोर बेळगावकडून आलेला ट्रक उभा होता. पुढच्या काचेच्या आत, देवाच्या फोटोशेजारी, वीतभर झेंडा लावलेला होता. वर पिवळा, खाली लाल. आपण सीमेजवळची माणसं असा झेंडा लहानपणापासून बघतो, पण त्याचा अर्थ मी कधी कुणाला विचारला नव्हता. ड्रायव्हर सावलीत चहा पीत बसला होता. "अण्णा, हे दोन रंग कशाचे?" मी विचारलं. त्यानं शेजारच्या पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून सांडलेली हळद चिमटीत उचलली आणि म्हणाला, "हे अरिशिण." मग ते बोट कपाळाला लावलं. "आणि हे कुंकुम. झालं."

एवढंच. ना पुस्तक लागलं, ना माहितीचा फलक. मुलखाच्या झेंड्याचा अर्थ इतक्या थोडक्यात सांगता यावा, आणि तोही रोज हाताळायच्या वस्तूंकडे बोट दाखवून, यापेक्षा चांगली रचना मला ठाऊक नाही. आपल्या राजापुरी हळदीला, ‘सांगलीची हळद’ म्हणून, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच हळदीचा रंग शेजारच्या राज्यात झेंड्यावर जाऊन बसला आहे, हे त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

हा पिवळा-लाल झेंडा १९६०च्या दशकात कन्नड चळवळीतले मा. राममूर्ती यांनी तयार केला. तो सरकारी नाही, चळवळीचा आहे. लोकांनी उचलला म्हणून तो रिक्षांपासून सरकारी समारंभांपर्यंत पोहोचला. मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारनं अधिकृत झेंडा म्हणून नवी रचना पुढे आणली. त्यात पिवळा आणि लाल यांच्यामध्ये पांढरा पट्टा होता आणि त्यावर गंडभेरुंड, म्हणजे म्हैसूरच्या राजघराण्याच्या चिन्हातला दोन डोक्यांचा पक्षी. प्रस्ताव केंद्राकडे गेला, मान्यता मिळाली नाही. रस्त्यावर आजही जुनाच झेंडा दिसतो.

इथे एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. हाच झेंडा बेळगावच्या मराठी माणसाला हळद-कुंकवाचा वाटत नाही. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव होतो, जागोजागी पिवळा-लाल फडकतो, आणि त्याच दिवशी तिथली मराठी माणसं काळा दिन पाळतात. कापड तेच, रंग तेच. एकाला त्यात घर दिसतं, दुसऱ्याला आपल्या घरावर सांगितलेला हक्क. झेंडा समजून घेताना काय काढलंय हे बघावंच लागतं, पण तो कोण बघतंय हेही तितकंच बघावं लागतं.

मग कायदा काय सांगतो? राज्यांना स्वतःचा झेंडा असावा असं आपल्या राज्यघटनेत कुठे लिहिलेलं नाही, आणि असू नये असंही नाही. १९५० आणि १९७१ चे कायदे आणि २००२ ची ध्वजसंहिता राष्ट्रध्वजाचा मान राखण्याविषयी आहेत. तिरंग्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीला दुसरा झेंडा नको, असं संहिता बजावते. आपल्याकडे फक्त जम्मू-काश्मीरला रीतसर मान्यता असलेला वेगळा झेंडा होता. १९५२ साली तिथल्या संविधान सभेनं तो स्वीकारला. लाल कापडावर पांढरा नांगर आणि शेजारी तीन उभे पांढरे पट्टे. नांगर शेतकऱ्याचा, पट्टे जम्मू, काश्मीर आणि लडाख या तीन प्रदेशांचे. ऑगस्ट २०१९ मध्ये विशेष दर्जा संपला आणि तो झेंडाही उतरला. महाराष्ट्राला अधिकृत राज्यध्वज नाही. पण झेंड्यांची भाषा आपल्याला नवी नाही, आणि हे आपल्या शब्दांवरूनच कळतं. देवळाच्या शिखरावर असतो तो ध्वज, वारकऱ्याच्या खांद्यावर ती पताका, गडावर निशाण, कामगारांच्या मोर्चात बावटा, आणि शाळेच्या पटांगणावर झेंडा. फडकणारी वस्तू एकच, तरी आपण जागेप्रमाणे शब्द बदलतो. वारीतल्या पताकेला बावटा म्हटलेलं कुणाच्या कानाला बरं वाटणार नाही.

आता रचनेकडे. झेंडा म्हणजे लांबून, वाऱ्यात, क्षणभर दिसणारी गोष्ट. तो हातात धरून वाचायचा कागद नाही. त्याचे बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात. रंग थोडे हवेत. शेजारशेजारच्या रंगांत एक गडद आणि एक फिका हवा, नाहीतर धुक्यात दोन्ही एक होतात. पिवळ्याला लाल लागतो, लालला पांढरा लागतो, पण गडद निळ्यावर काळा हरवतो. अक्षरं नकोत, कारण ती मागून उलटी दिसतात. आणि चित्र असलंच तर चौथीतल्या पोराला आठवणीनं काढता येईल इतकं साधं हवं.

मागून कसं दिसतं हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण आपल्या तिरंग्यातला चरखा जाऊन चक्र आलं त्यामागे हेही एक कारण होतं. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत ठराव मांडताना नेहरूंनी ते सांगितलं होतं. चरख्याला एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती, त्यामुळे कापडाच्या एका अंगानं तो सरळ दिसला तर दुसऱ्या अंगानं उलटा दिसणार. चाक मात्र दोन्हीकडून सारखंच. म्हणून चरख्यातलं चाक तेवढं ठेवलं आणि ते अशोकाच्या स्तंभावरच्या चक्राच्या रूपात घेतलं, चोवीस आऱ्यांचं. गंडभेरुंडाची दोन डोकीही दोन दिशांना असतात, त्यामुळे तोही कुठूनही बघा, सारखाच दिसतो.

रंगांचा अर्थ ठरावानं बदलता येतो, याचंही उदाहरण तिरंग्यातच आहे. १९२१ च्या सुमारास गांधीजींनी जो झेंडा मनात धरला होता त्यात लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकी सगळ्यांचा होता. १९३१ मध्ये काँग्रेसनं ठरवून सांगितलं की रंगांना जातीधर्माचा अर्थ नाही. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्याचा आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा आणि शौर्याचा. चरख्याचा तो झेंडा घेऊन ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. झेंडा हातात असताना परशुराम घार्गे गोळीला बळी पडले. त्या दिवसानंतर खटाव तालुक्यात कुणी केशरीचा अर्थ त्याग असा सांगितला, तर त्यासाठी ठरावाची गरज उरली नाही. मी झेंड्यांबद्दल वाचायला लागलो तेव्हा रंगांच्या अर्थांचे तक्ते पाठ करायचो. आता करत नाही. कुणी तो धरला होता आणि कशापायी, हे आधी विचारतो.

आता आपल्या भगव्याकडे येऊ, कारण त्याच्याबद्दल आपण खूप बोलतो आणि त्याच्याकडे नीट बघत मात्र नाही.

पहिली गोष्ट रंगाची. जुना भगवा म्हणजे कावेचा रंग. काव ही तांबडी माती. तुळशीवृंदावनाला आणि अंगणात सारवणाच्या कडेला लावतात तीच. संन्याशाची छाटी, वारकऱ्याची पताका कावेनं रंगवायची, आणि ती उन्हापावसात विटत जायची. आज बाजारात मिळतो तो झगझगीत नारिंगी पॉलिस्टरचा रंग वेगळाच आहे. केशरी म्हणजे केशराचा, पिवळ्याकडे झुकणारा. भगवा म्हणजे मातीचा, तांबूसपणाकडे झुकणारा. हे दोन शब्द आपण आता एकाच अर्थानं वापरतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण मातीचा रंग राजाच्या निशाणाला असणं यातच सगळा अर्थ होता. सगळं सोडलेल्या माणसाचा रंग सत्तेच्या माथ्यावर. सज्जनगडाच्या परिसरात समर्थांनी शिवाजी महाराजांना झोळीतलं राज्य परत दिलं आणि भगवं निशाण लावायला सांगितलं, ही कथा घरोघरी सांगतात. इतिहासकार तिच्याबद्दल एकमतानं बोलत नाहीत. पण ती कथा लोकांना का पटते हे त्या रंगाकडे बघून कळतं.

दुसरी गोष्ट आकाराची. मराठ्यांचं निशाण दुटोकी असतं, म्हणजे काठीच्या विरुद्ध बाजूला मध्ये खाच आणि वर-खाली दोन टोकं. जगातले बहुतेक झेंडे आयताकृती आहेत. देशांच्या झेंड्यांत नेपाळचा एकटा दोन त्रिकोणांचा आहे. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत ओहायो या एकाच राज्याचा झेंडा आयत नाही, आणि तो आपल्यासारखाच दुटोकी आहे, १९०२ पासूनचा. अशा आकाराचा फायदा असा की रंग ओळखू येईना तरी आकृती ओळखू येते. संध्याकाळी उजेड मागे असताना गडावरचं निशाण काळं दिसतं, तरी ती खाच दिसली की कुणाचं हे कळतं.

शिवजयंतीच्या आधी सांगलीत झेंडे शिवणाऱ्या एका कारागिरांकडे मी दुपारभर बसलो होतो. काका कापड आडवं दुमडतात, वरची आणि खालची कड जुळवतात आणि मग दोन्ही पदरांतून एकच तिरका काप देतात. कापड उघडलं की खाच बरोबर मध्ये येते आणि दोन्ही टोकं सारखी भरतात. "एक-एक टोक मोजून कापलं की वाकडं जातंच," ते म्हणाले. काठीकडच्या बाजूला नेफा, त्यात काठी जाईल एवढी जागा. खाचेच्या आतल्या कोनात मात्र ते तीनदा शिवण फिरवतात आणि वर कापडाचा एक छोटा तुकडा जोडतात. वाऱ्याचा सगळा मार तिथे बसतो, झेंडा फाटायला लागला की तिथूनच. झालेला झेंडा त्यांनी काठीला लावला, पोराला गल्लीच्या टोकाला पाठवला आणि इथून हलवून दाखवला. पोरानं तिकडून हात वर केला. मग घडी.

भगवा आणि जरीपटका यांत अनेकांचा गोंधळ होतो. भगवा हे राज्याचं निशाण. जरीपटका हा जरीच्या कापडाचा मानाचा ध्वज, छत्रपतींकडून मिळायचा, आणि ज्या फौजेबरोबर तो असेल ती फौज छत्रपतींच्या नावानं लढते असा त्याचा अर्थ. लढाईत तो हत्तीवर चालायचा. त्या धुळीत दूर असलेल्या शिलेदाराला आपली माणसं कुठे आहेत हे सांगणारी तीच एक खूण. त्याचमुळे निशाण दिसेनासं होणं हे फौज मोडल्याचं लक्षण समजत. ‘निशाण’ हा शब्द आपण खुणेसाठीही वापरतो, झेंड्यासाठीही.

अलीकडचं एक उदाहरण इथेच सांगतो. २ सप्टेंबर २०२२ ला भारतीय नौदलानं आपल्या झेंड्यावरचा इंग्रजांच्या काळापासूनचा तांबडा क्रॉस काढला आणि त्या जागी निळी अष्टकोनी आकृती आणली. तो अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे.

झेंडा फक्त राज्याचाच असतो असं नाही. सांगली आणि सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांत गावांचे झेंडे आहेत, आणि ते वर्षातून एकदा रांगेनं उभे राहतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या येतात. एकेक काठी म्हणजे घरापेक्षा उंच कळक, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, वर निशाण. चारी बाजूंनी दोऱ्या, त्यांना तोरण्या म्हणतात. एक जण काठी तोलतो, बाकीचे तोरण्या ताणून ती सरळ ठेवतात. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा, त्यानंतर पाटण तालुक्यातल्या विह्याचा. आमच्या बाजूच्या कसबे डिग्रजची, कवठे एकंदची काठीही मानाची. ही रांग कुणी वाटेल तशी लावत नाही, ती ठरलेली आहे. गुलालात सगळे रंग बुडून जातात. कुठली काठी कुणाची हे कापडावरून कळेनासं होतं, तरी जागेवरून कळतं. "चांगभलं"चा गजर उठतो तेव्हा डोंगराच्या पायऱ्यांवर माणसं दिसत नाहीत, नुसत्या काठ्या चालताना दिसतात. झेंड्यांवर लिहिणाऱ्या परदेशी अभ्यासकांनी या रांगेत एक दिवस उभं राहावं असं मला फार वाटतं.

बाहेरच्या जगातल्या दोन झेंड्यांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्या आपल्याला उपयोगी आहेत.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याचा झेंडाही पिवळा आणि लाल आहे. तिथे ते रंग स्पेनच्या जुन्या राजवटीचे, हळद-कुंकवाचा प्रश्नच नाही. म्हणजे एकाच जोडीचे जगाच्या दोन टोकांना दोन अर्थ. पिवळ्या कापडावर मधोमध लाल सूर्य आहे, त्याला चार दिशांना चार-चार किरणं. २००१ साली झेंड्यांच्या अभ्यासकांनी घेतलेल्या पाहणीत अमेरिका आणि कॅनडातल्या राज्या-प्रांतांच्या झेंड्यांत तो पहिला आला. पण तो सूर्य झिया या मूळ रहिवाशांचा, त्यांच्या मातीच्या भांड्यावरचा. चार हा त्यांच्या श्रद्धेतला आकडा. चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर, आयुष्याचे चार टप्पे. १९२५ मध्ये तो झेंड्यावर घेताना त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ते लोक पुढे कित्येक वर्षं त्याबद्दल दाद मागत राहिले. मुलखाचं चिन्ह निवडताना ते कुणाच्या घरातलं आहे हे विचारायला हवं, हे मी तिथून शिकलो.

दुसरा अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्याचा. कॅल्व्हर्ट नावाच्या संस्थापक घराण्याच्या ढालीवरून घेतलेले पिवळे-काळे तुकडे आणि त्यांच्याच नात्यातल्या दुसऱ्या घराण्याचे लाल-पांढरे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात त्या राज्यातली माणसं दोन्ही बाजूंनी लढली. पिवळा-काळा संघराज्याच्या बाजूच्यांचा झाला, लाल-पांढरा फुटून निघू पाहणाऱ्यांचा. युद्ध संपल्यावर हळूहळू दोन्ही एका कापडावर आले आणि १९०४ मध्ये तोच अधिकृत झाला. दिसायला भडक आहे, पण एकदा ही हकीगत कळली की त्यातला एकही तुकडा काढावासा वाटत नाही. याउलट त्याच देशात कित्येक राज्यांनी निळ्या कापडाच्या मधोमध आपला सरकारी शिक्का चिकटवला. जवळून बघितलं तर शेतकरी, जहाज, डोंगर, घोषवाक्य सगळं आहे. शंभर पावलांवरून नुसता निळा कपडा. युटा आणि मिनेसोटा यांनी २०२४ मध्ये असे झेंडे बाजूला ठेवून साधी रचना घेतली. युटाच्या झेंड्यावर आता मधमाश्यांचं पोळं आहे.

शिक्का चिकटवलेल्या झेंड्यांचा खेळ आपल्याकडेही होऊन गेला आहे, आणि साताऱ्याचा त्याच्याशी विचित्र संबंध आहे.

१० फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला. गडावर त्यांचा झेंडा चढला. आणि मग तो उतरवून त्या जागी छत्रपतींचा भगवा चढवण्यात आला. त्या वेळी छत्रपती प्रतापसिंह साताऱ्यात नव्हतेच, दुसऱ्या बाजीरावाच्या छावणीत होते. दहाएक दिवसांनी आष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती आले आणि एप्रिलमध्ये गादीवर बसले. म्हणजे राजा येण्याआधी राजाचं निशाण आलं. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन यानं साताऱ्यातून जाहीरनामा काढला होता. पेशव्यांना मानणाऱ्या सरदारांना फोडायचं तर त्यांना आपल्या छत्रपतींचं निशाण गडावर दिसायला हवं होतं. खालच्या पेठेत उभ्या असलेल्या माणसाला काय वाटलं असेल? वर भगवा होता. तो लावण्याचा हुकूम मात्र कंपनीचा होता. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, आणि १८४८ मध्ये त्यांचे धाकटे बंधू शहाजी औरस वारस मागे न ठेवता वारले तेव्हा गव्हर्नर-जनरल डलहौसीनं दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केलं. या धोरणाखाली गेलेलं ते पहिलं मोठं संस्थान.

पुढे १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांना एकेक रेशमी ध्वज दिला. रॉबर्ट टेलर नावाच्या अधिकाऱ्यानं प्रत्येकासाठी युरोपातल्या सरदारांसारखी ढाल, दोन्ही बाजूंना आधाराचे प्राणी, खाली घोषवाक्य अशी चिन्हं आखली होती. ते ध्वज इतके जड होते की एकेक उचलायला दोन धट्टेकट्टे गोरे शिपाई लागत. घोड्यावर किंवा हत्तीवर घेऊन पळता येईल असं त्यात काही नव्हतं, आणि वाऱ्यावर ते उडणारही नव्हते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा यांना असे ध्वज मिळाले. साताऱ्याला मिळाला नाही. ज्या गादीकडून जरीपटका दिला जायचा ती मोडून तोवर २९ वर्षं झाली होती.